बापूजीची बाजू

देवळीच्या बसस्टँडसमोर अश्विनचं दुकान आहे. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी आणि अलीकडे झाडं कापायच्या मशिनी. महादेवराव दुकानात शिरला तेव्हा अश्विन एका पंपाचं पोट उघडून बसला होता. गिऱ्हाइकानं आधी रामराम घालावा, पाणी प्यावं, उन्हाबद्दल दोन शब्द बोलावेत, मग कामाचं काढावं, अशी या दुकानाची रीत. महादेवरावानं ती मोडली.

"मशीन पाहिजे. अन् बार सगळ्यात लांब दे," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

अश्विननं हात पुसले. बार म्हणजे मशीनच्या तोंडातून पुढं निघालेली चपटी लोखंडी पट्टी, जिच्या कडेकडेनं दातेरी चेन फिरते. मशीन घ्यायला आलेला माणूस इंजिन पाहतच नाही, बार पाहतो. जेवढा लांब, तेवढा त्याला रुबाबदार वाटतो. मिशीचं आणि बाराचं आपल्या लोकांना भारी कौतुक.

"काकाजी, लाकूड कोनतं हाय?"

"निंब."

"ओला का वाळला?"

"वर्षभर पडून हाय."

"जाड किती?"

महादेवरावानं दोन तळवे हवेत समोरासमोर धरले. उभा जन्म लाकडात गेलेले हात होते ते. टेप लावली असती तरी बोटभर फरक निघाला नसता.

"वीस इंच असन," अश्विन म्हणाला. "मंग अठराचा बार न्या. आपली मशीन मधल्या ताकदीची हाय. तिले अठरा झेपते. बावीस लागत नाई असं नाई, पन ती दमते. चेन लांब झाली का फिरवाले जोर जास्त लागते, तेल टोकापर्यंत नीट जात नाई, अन् वाळल्या निंबात चेन तापून ढिली पडते. अठरानं अर्धं इकून कापा, मंग तिकून जा, उरलेलं तिकून कापा. सरळ निंगन."

"तिकून नाई."

"काऊन? भिंत-गिंत हाय का तिकडं?"

"तिकडं कोनी नाई," महादेवराव म्हणाला.

अश्विननं भिंतीचं विचारलं होतं. पण समोरच्याच्या तोंडाकडे पाहून त्यानं तो विषय सोडला आणि चेनचा काढला. चेनच्या दाताचे दोन प्रकार त्यानं काउंटरवर मांडले. एकाचा कोपरा टोकदार, तो ओल्या, स्वच्छ लाकडात भसाभस जातो. दुसऱ्याचा कोपरा जरा गोल, तो सावकाश कापतो, पण धुळीनं भरलेल्या, वाळून टणक झालेल्या लाकडात त्याची धार टिकते. वर्षभर मातीत लोळलेल्या निंबाला गोल दातच बरा.

"टोकदार दे," महादेवराव म्हणाला.

माणूस एकदा हटून बसला की त्याला शहाणपण सांगणं म्हणजे म्हशीला शाळेत घालणं. अश्विननं बावीसचा बार चढवला, त्याच्या मापाची टोकदार चेन बसवली, बाराच्या खाचेत चेन नीट बसते का ते हातानं फिरवून दाखवलं, चेन थंड असताना ताणायची, तापल्यावर नाही, हे दोनदा सांगितलं. शेवटी त्यानं एक चष्मा पुढं केला.

"हा ठेवा. ढलप्या उडते. अन् तुमच्या त्या डोळ्यातून पानीबी येते ना उन्हात?"

"कामावर नाई येत," असं म्हणून महादेवरावानं चष्मा काउंटरवरच ठेवला.

आता हा डोळा, हा निंब आणि ही पलीकडची बाजू यांचं काय ते सांगायला हवं, नाहीतर हा म्हातारा उगाच हेकट वाटायचा. हेकट तो होताच, पण उगाच नव्हता.

महादेवराव आणि बापूजी या दोघांनी तरुणपणापासून एकच आरा ओढला. आरा म्हणजे दोन माणसांची करवत. मधे पुरुषभर लांबीचं पातं, दोन टोकांना दोन मुठी. आडवं पडलेलं खोड मधे, एक माणूस अलीकडे, एक पलीकडे. एकानं ओढायचं तेव्हा दुसऱ्यानं हात सैल सोडायचा, मग दुसऱ्यानं ओढायचं आणि पहिल्यानं सैल सोडायचं. ढकलायचं कधीच नाही. ढकललं की पातं वाकतं आणि पलीकडचा आईवरून शिवी देतो. आजूबाजूच्या गावांत वादळानं आडव्या झालेल्या बाभळी, चिंचा, शिरस, निंब या जोडीनं कापल्या. पुढं मशिनी आल्या, पोरं मशिनी घेऊन भटाभट झाडं पाडू लागली, तरी ह्यांना बोलावणारी जुनी घरं होती आणि ह्यांनाही दुसरं काही येत नव्हतं.

महादेवराव बोलका. हात चालायचा तसं तोंडही चालायचं. बापूजी मुलखाचा घुम्मा. महादेवरावानं दहा वाक्यं बोलावीत आणि त्यानं "हं" म्हणावं. कामावर त्याचे डोळे कायम बारीक केलेले असायचे, म्हणून महादेवराव त्याला मिचक्या म्हणायचा. "ए मिचक्या, झोपला का उभ्या उभ्या?" हे सगळ्या शिवारानं ऐकलेलं. पुढं पुढं गावातली पोरंही त्याला मिचके आबा म्हणायला लागली. बापूजीला त्याचं काही वाटत नसावं. निदान तो काही बोलला नाही.

बापूजीची दुसरी खोड अशी, की भाकर खाऊन उठला की तो बाजू बदलायचा. सकाळी खोडाच्या ज्या बाजूला असेल, त्याच्या उलट बाजूला दुपारून जाऊन उभा राहायचा. एकाच खांद्यावर जोर येते, म्हणायचा. "आली बा नवरी, हिले बसाची जागा पसंत नाई," असं महादेवराव भाकर घेऊन आलेल्या कौशल्याबाईला, म्हणजे बापूजीच्या बायकोला, सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

महादेवरावाच्या डाव्या डोळ्यात कामाला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच एक ढलपी उडाली होती. दवाखाना झाला, पट्टी झाली, डोळा वाचला. पण उन्हाकडे तोंड झालं की त्यातून पाणी गळायचं. एसटीत खिडकीशी बसला की गळायचं, पोळ्याला बैलांच्या रांगेत उभा राहिला की गळायचं. कामावर मात्र गळत नसे. अंगातून घाम निघाला की डोळा आपोआप साफ होते, असं त्याचं शास्त्र होतं. ते तो ऐकणाऱ्यालाही सांगायचा आणि न ऐकणाऱ्यालाही.

गेल्या वर्षी चैतातल्या वादळात बापूजीच्या घरामागच्या सांदवाडीतला मोठा निंब उन्मळून पडला. त्याची पोरगी मयुरी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत घर बांधायला काढणार होती. "पोरीच्या घराची चौकट आपल्या निंबाची करू," बापूजी म्हणाला. एवढं लांब वाक्य तो बोलला म्हणजे विषय पक्का. दोघांनी फांद्या उतरवल्या, शेंडा तोडला. उरलं ते लांबलचक खोड. ते मधोमध कापल्याशिवाय ना ट्रॉलीत चढणार, ना आरामशिनीवर जाणार. सकाळी काप धरला. निम्म्यावर आला तेव्हा ऊन चढलं होतं. आरा लाकडातच ठेवून दोघं भाकरीला उठले. जेवून बापूजी म्हणाला, "घटकाभर पडतो." तो छपरीत पडला आणि उठला नाही. सावंगीच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर महादेवरावानं एकट्यानं तो आरा लाकडातून काढला, जवसाचं तेल लावून घरच्या भिंतीला टांगला. आणि निंब तसाच राहिला, कारण आरा ओढणाऱ्यांचा एक नियम आहे. ज्या दोघांनी काप धरला, त्यांनीच तो पुरा करायचा. मधे माणूस बदलायचा नाही. यात देवाधर्माचं काही नाही. प्रत्येक माणसाच्या ओढीला स्वतःचा एक कल असतो, पातं त्या कलानं लाकडात उतरतं, आणि मधेच दुसरा माणूस आला की ते अडकतं, काप वाकडा जातो. गावातल्या दोघा-तिघांनी विचारलं, "महादेवराव, येऊ का दुसऱ्या टोकाले?" त्यानं त्यांना असं हाकललं की पुन्हा कोणी विचारलं नाही.

बायको जाऊन वर्षं झाली होती, पोरगा पुण्याकडे. बापूजी होता तोवर घर रिकामं आहे हे महादेवरावाला कधी जाणवलं नाही, कारण दिवस घरात काढायचा नसायचा. आता जाणवायचं. सकाळी उठून चहा करायचा आणि बोलायला तोंड उघडलं की समोर कोणी नाही. पन्नास गोष्टी सुचायच्या, त्या सांगायच्या कोणाला? "हं" म्हणणारा माणूस केवढा बोलत होता, हे त्याला आता कळत होतं. त्याला एकटं वाटायचं. याला दुसरा शब्द नाही.

कौशल्याबाई मात्र होती. जाता-येता "भाऊजी, चहा घ्या" म्हणायची. पण मयुरीचं घर आता दारापर्यंत आलं होतं. चौकट बसवायचा मुहूर्त निघाला होता, आणि कौशल्याबाई पोरीकडे कायमची राहायला जाणार होती, नवं घर होईपर्यंत तिच्या भाड्याच्या घरात. शनिवारी ट्रॅक्टर येणार होता, सामान न्यायला आणि निंब न्यायला.

"भाऊजी," ती म्हणाली होती, "शनवारपर्यंत कापनं झालं तं ठीक. नाई तं मी भट्टीवाल्याले सांगतो, थो तुकडे करून नेईन. मयुरीच्या घरी लोखंडी चौकट बसवू. मले तुमाले तरास द्याचा नाई."

वीटभट्टीत बापूजीची चौकट जाणार. त्या रात्री महादेवरावाला जेवण गेलं नाही, आणि सकाळीच तो देवळीला निघाला. मशीन म्हणजे काही माणूस नव्हे. तेव्हा मशीननं काप पुरा केला तर माणूस बदलला असं होत नाही. असा कायदा त्यानं बसमध्ये बसल्या बसल्या काढला. वकिलालाही सुचला नसता. फक्त बार एवढा लांब हवा, की आपल्या बाजूला उभं राहून तो आरपार पोचला पाहिजे. पलीकडे जायची वेळ यायला नको. त्या बाजूला स्वतः जाऊन उभं राहायचं, म्हणजे ती रिकामी आहे असं म्हणण्यासारखं झालं. वर्षभर त्यानं ते म्हटलं नव्हतं.

तर अशी ती बावीस इंची बाराची कहाणी.

गुरुवारी सकाळी तो मशीन घेऊन सांदवाडीत आला. कौशल्याबाई पदर खोचून छपरीच्या खांबाशी उभी राहिली. निंबाचं खोड तसंच पडलं होतं, सालीत वर्षभराची धूळ भरलेली, मधोमध तो अर्धा काप. महादेवराव आपल्या बाजूला, पूर्वेच्या अंगाला, जाऊन उभा राहिला.

"तिकून एकडाव पाहून तं घ्या भाऊजी, काई हाय का खाली," कौशल्याबाई म्हणाली.

"काई नाई तिकडं," तो म्हणाला आणि दोरी ओढली.

मशीन सुरू झाली. बार कापात उतरला, टोक पलीकडे निघालं. सुरुवातीला भुसा उडाला तेव्हा त्याला हुरूप आला. पण थोड्याच वेळात भुशाच्या जागी नुसतं पीठ पडायला लागलं. टोकदार दातांची धार सालीतल्या धुळीनं केव्हाच खाल्ली होती. इंजिन रडायला लागलं. लांब चेन तापली, सैल पडली, बाराखाली लोंबू लागली. आणि इथं त्याच्या हातांनी त्याला दगा दिला. त्यानं मशीन आपल्याकडे ओढली आणि मग, आयुष्यभराच्या सवयीनं, हात सैल सोडला. आता पलीकडचा ओढेल, म्हणून.

पलीकडे कोणी नव्हतं. मशीनच पुढं ओढली गेली. बाराचं टोक पलीकडच्या बाजूला खाली गेलं आणि दगडावर आदळलं. ठिणग्या उडाल्या, मशीन हातात उसळली, चेन बारावरून उतरली आणि त्याच्या मांडीपाशी फाटकन येऊन पडली. पायजमा फाटला. कातडीला काही झालं नाही. कौशल्याबाई ओरडली तेव्हा इंजिन आधीच बंद पडलं होतं.

महादेवराव खाली मातीत बसला. त्यानं दोन्ही हात काखेत घातले.

"राहू द्या भाऊजी," कौशल्याबाई त्याच्यासमोर पाण्याचा गडू ठेवत म्हणाली. "एकजन या निंबापायी गेला. दुसरा मले पाहाचा नाई. लोखंडी चौकट काई वाईट नसते."

तो पाणी प्याला. "शनवारपर्यंत येळ हाय ना?" एवढंच तो म्हणाला आणि मशीन उचलून बसथांब्याकडे निघाला.

अश्विननं चेन हातात घेऊन एकेक दात पाहिला. अर्ध्याहून जास्त दातांचे कोपरे उडालेले होते. बारावरही ओरखडा होता.

"गोट्याले लागली."

"हो. त्यानं आपल्या बाजूनं गोटा अडवून ठेवला होता, लाकूड लोळू नये म्हनून. मले दिसला नाई."

"तेच तं सांगून राह्यलतो काकाजी. जिथं बाराचं टोक, तिथं आपले डोळे पाहिजे. आंधळ्या जागी टोक घालाचं नाई."

"आधी होते ना तिकडं डोळे," महादेवराव म्हणाला.

अश्विननं चेन काउंटरवर ठेवली. बापूजीला तोही ओळखत होता. आरा ओढणारी जोडी देवळीच्या बाजारात कानस घ्यायला यायची तेव्हा एकजण बोलायचा आणि दुसरा बारीक डोळ्यांनी कानशीची धार पाहायचा.

मग त्यानं अठराचा बार काढला. त्याच्या मापाची, गोल दाताची चेन काढली. मशीनच्या दातेरी चाकावर चेन बसते का ते पाहिलं, ताण बोटानं उचलून दाखवला. तेलाच्या टाकीचं भोक साफ केलं. महादेवराव या खेपेला मुकाट पाहत होता. लांबी कमी, धारही बेताची. ही जोडी चांगली पोक्त दिसत होती.

"अर्धं इकून," अश्विन म्हणाला.

"अन् अर्धं तिकून," महादेवराव म्हणाला. अश्विननं पिशवीत चष्मा टाकला, तेव्हा तो नको म्हणाला नाही.

शुक्रवारी सकाळी तो लवकर सांदवाडीत आला. आपल्या बाजूला उभं राहून त्यानं काप घेतला. बुटका बार खोडातच मावत होता, टोक कुठे आहे ते हाताला कळत होतं. गोल दात सावकाश, पण इमानानं कापत होता. भुसा जाड, पिवळसर, कडू वासाचा पडत होता. मशीन रडत नव्हती. हात सैल सोडायची सवय दोनदा उसळली, दोनदा त्यानं ती दाबली. बार जाईल तेवढं कापून झालं. आता पलीकडचं राहिलं होतं.

त्यानं मशीन बंद केली. चहा मागितला. चहा झाल्यावर चेनचा ताण पाहिला. तो बरोबर होता, तरी पुन्हा पाहिला. मग बुटाची नाडी बांधली. ती सुटलेलीच नव्हती. कौशल्याबाई खांबाशी बसून हे सगळं पाहत होती. शेवटी मशीन उचलून तो खोडाला वळसा घालून बापूजीच्या बाजूला गेला.

तिथं तो काळा गोटा होता, कालचा पांढरा ओरखडा अंगावर घेऊन. त्यानं तो पायानं बाजूला सारला, त्याच्या जागी लाकडाची पाचर ठोकली आणि उभा राहून मान वर केली.

ऊन थेट तोंडावर आलं. समोरच्या घराच्या कवेलूच्या छपरावरून सूर्य नुकता वर आला होता. डाव्या डोळ्यातून भळाभळा पाणी वाहायला लागलं. कापाची रेघ दिसेना. त्यानं बाहीनं डोळा पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पाणी. मग त्यानं दोन्ही डोळे बारीक केले, अगदी मिचके, आणि तेव्हा कुठे रेघ दिसली.

तो तसाच थांबला.

सकाळी ही बाजू. म्हणजे तोंड उगवतीकडे. आणि भाकर खाऊन उठलं की बापूजी बाजू बदलायचा. म्हणजे दुपारून तोंड मावळतीकडे. बाभळी आठवल्या, चिंचा आठवल्या, गावंच्या गावं आठवली. प्रत्येक ठिकाणी महादेवरावाच्या पाठीवर ऊन होतं आणि समोर बापूजीचं उजेडात न्हालेलं, डोळे बारीक केलेलं तोंड होतं. ढलपी उडाली त्या वर्षापासून. खांद्याचा काही संबंध नव्हता. घामाचा तर नव्हताच.

आणि आपण त्याला मिचक्या म्हणत होतो. साऱ्या गावाला म्हणायला लावलं.

"वैनी," त्यानं हाक मारली, "बापूजी घरी डोळे बारीक करे का?"

"नाई बा," कौशल्याबाई म्हणाली. "घरी तं चांगले मोठे डोळे होते त्याइचे. भाकर घेऊन येवो ना मी कामावर, तवाच तसे दिसत. मले वाटे, भुशानं होत असन." ती उठली, खोडाच्या अलीकडे, महादेवरावाच्या जुन्या जागी येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. "आता तुमी अगदी तसेच दिसून राह्यले."

"थो उन्हाकडे तोंड करून उभा राहे, वैनी. माह्या डोळ्यापायी. रोज."

कौशल्याबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मलेबी नाई बोलले कधी."

"बोलला असता तं मी त्याले उभं राहू देल्लं असतं का?"

मग त्यानं पिशवीतून चष्मा काढून लावला, ढलप्यांपुरता. उन्हाला तो काय अडवणार? दोरी ओढली आणि बापूजीच्या बाजूनं उरलेला काप घेतला. खोड मधोमध फुटून दोन तुकडे आपापल्या अंगाला टेकले. दोन बाजूंचे काप मधे भेटले तिथं बोटभर पायरी राहिली. आऱ्याचा असता तर एकसंध झाला असता. सुतार ती रंध्यानं काढणार, तरीही महादेवराव तिच्यावरून बराच वेळ बोट फिरवत बसला.

शनिवारी ट्रॅक्टर आला. निंब चढला, त्याच्यावर कौशल्याबाईच्या पेट्या चढल्या, गाद्या चढल्या. "चौकटीच्या पूजेले येजा भाऊजी," ती म्हणाली. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर महादेवराव रिकाम्या सांदवाडीतला भुसा उगाच झाडत बसला. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी पाहणारही नव्हतं. घरी आला तेव्हा भिंतीवरचा आरा दिसला. त्याची एक मूठ त्याच्या हातांनी गुळगुळीत झालेली होती. दुसरी तितकीच गुळगुळीत. हे त्यानं याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत तो कोणाशी फारसा बोलला नाही. गावाला वाटलं, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही.

मुहूर्ताच्या दिवशी तो पहिल्या बसनं बोरगाव मेघेला गेला. भिंती छातीइतक्या आल्या होत्या, छप्पर नव्हतं. निंबाची चौकट हळदीकुंकू लावून, आंब्याची पानं बांधून तयार होती. घराचं तोंड पूर्वेला. गवंड्यानं ओळंबा काढला आणि म्हणाला, दोघांनी धरा, एकानं आतून, एकानं बाहेरून, मी सांगेपर्यंत हलवायची नाही. मयुरीचा नवरा निकेश पुढं झाला. दुसरा कोण म्हणून सगळे इकडेतिकडे पाहत होते, तोवर महादेवराव आत जाऊन उभा राहिला होता.

चौकट उभी झाली. तिच्या मधल्या रिकाम्या जागेतून कोवळं ऊन सरळ महादेवरावाच्या तोंडावर आलं. निकेश बाहेरून, उन्हाकडे पाठ करून, चौकट धरून उभा होता.

"काकाजी, तुमच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं. तुमी इकून या, मी तिकून येतो."

"नाई. हे माही बाजू हाय," महादेवराव म्हणाला. "तू फक्त ओढू नको. सैल धर."

थोडा वेळ गेला. गवंडी ओळंब्याची दोरी स्थिर व्हायची वाट पाहत होता. निकेशनं पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काकाजी, डोळ्यातून पानी येऊन राह्यलं तुमच्या. सासूबाई तं म्हनत होत्या, कामावर येत नाई म्हनून."

मागं कौशल्याबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती.

"येते," महादेवराव डोळे बारीक करून म्हणाला. "या बाजूनं येते."

गवंड्यानं मान हलवली, चौकट सरळ होती. त्यानं सिमेंट घालायला घेतलं, आणि ते धरेपर्यंत महादेवराव तिथंच उभा राहिला.